नाव वाचा, रेणू काढा

तालुक्याच्या कोणत्याही गावी औषधांच्या दुकानात चार वस्तू हमखास मिळतात. गुडघ्याला चोळायचा बाम, ॲस्पिरिनची गोळी, खरजेवर लावायचे पांढरे औषध आणि खोकल्याचे एखादे गोड पातळ औषध. त्यांच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली, तर बहुतेक वेळा पुढील नावे सापडतात: मिथिल सॅलिसिलेट, ॲसिटिल सॅलिसिलिक ॲसिड, बेंझिल बेंझोएट आणि मिथिल पॅराबेन. पहिली तीन औषधे आहेत आणि चौथे पातळ औषध नासू नये म्हणून घातलेले परिरक्षक.

आमचा मंठा तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. त्यामुळे इथे औषधांच्या दुकानांइतकीच वर्दळ कृषी सेवा केंद्रांतही असते. तिथल्या डब्यांवर सायपरमेथ्रिन, प्रोफेनोफॉस अशी नावे दिसतात. वरवर पाहता या सगळ्या नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रत्यक्षात हे सारे पदार्थ एकाच कुळातले आहेत. प्रत्येकात निदान एक बेंझिन वलय आहे आणि प्रत्येक रेणू एस्टर आहे. बेंझिन वलय असलेल्या संयुगांना ॲरोमॅटिक संयुगे म्हणतात, म्हणून ही झाली ॲरोमॅटिक एस्टरे.

अकरावी-बारावीत या एस्टरांची नावे आणि संरचना विचारल्या जातात. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. खरे तर पाठ करण्यासारखे यात फारसे नाही. नाव हा रेणू काढण्यासाठी दिलेला सूचनांचा कागद असतो. तो कसा वाचायचा एवढे कळले, की पूर्वी कधी न पाहिलेला रेणूही कागदावर उतरवता येतो.

एस्टर कसे तयार होते?

दहावीत आपण इथेनॉइक आम्ल आणि इथेनॉल सल्फ्युरिक आम्लाच्या सान्निध्यात तापवल्यावर फळासारखा वास येतो, हे शिकवतो. आम्ल आणि अल्कोहोल यांचा संयोग होऊन पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि एस्टर उरते. एस्टरचा गाभा तीन अणूंचा असतो. एक कार्बन, त्याला दुहेरी बंधाने जोडलेला एक ऑक्सिजन आणि एकेरी बंधाने जोडलेला दुसरा ऑक्सिजन. या दुसऱ्या ऑक्सिजनच्या पलीकडे पुन्हा कार्बनच असतो. तिथे हायड्रोजन असेल, तर ते एस्टर नसून आम्ल होय.

इथे चांगले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन आम्लाचा की अल्कोहोलचा? याचे उत्तर १९३८ मध्ये अमेरिकेत आयर्व्हिंग रॉबर्ट्‌स आणि हॅरल्ड युरी यांनी दिले. ज्यातला ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड आहे (वस्तुमानांक १८) असे मिथिल अल्कोहोल घेऊन त्यांनी त्याची बेंझोइक आम्लाशी अभिक्रिया घडवली. जड ऑक्सिजन पाण्यात गेला नाही, तो एस्टरमध्येच राहिला. म्हणजे आम्ल आपला ‘ओएच’ गट सोडते आणि अल्कोहोल फक्त हायड्रोजन सोडते. एस्टरमधला एकेरी बंधाचा ऑक्सिजन हा अल्कोहोलने आणलेला असतो. नाव देताना या गोष्टीचा फार उपयोग होतो.

नावातले दोन शब्द

एस्टरच्या नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द अल्कोहोलकडच्या गटाचा आणि दुसरा आम्लाचा. आम्लाच्या नावातील ‘इक’ जाऊन त्याजागी ‘एट’ येते. बेंझोइक आम्लाचे बेंझोएट, ॲसेटिक आम्लाचे ॲसेटेट, सॅलिसिलिक आम्लाचे सॅलिसिलेट. लग्नपत्रिकेत वधूकडचे कोण आणि वराकडचे कोण, हे नावांच्या जागेवरून कळते. इथेही तसेच आहे. नावाची जागा बदलली की पक्ष बदलतो.

आकृती समोर असेल, तर एक सोपी युक्ती करावी. दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनचा कार्बन आणि एकेरी बंधाचा ऑक्सिजन यांच्यामधल्या बंधावर पेन्सिलीने आडवी रेघ मारावी. रेघेच्या ज्या बाजूला दुहेरी बंध राहिला, ती आम्लाची बाजू. तिचे नाव शेवटी. उरलेली बाजू ऑक्सिजन आणणाऱ्या अल्कोहोलची. तिचे नाव आधी.

ही रेघ न मारल्यामुळे होणारा घोटाळा पाहा. पुढील तीन रेणू वहीत काढा.

१. बेंझिन वलयाच्या एका कोपऱ्याला एस्टरचा कार्बन जोडा आणि एकेरी ऑक्सिजनला मिथिल गट जोडा. हे मिथिल बेंझोएट.

२. वलयाच्या कोपऱ्याला एकेरी ऑक्सिजन जोडा, त्यापुढे एस्टरचा कार्बन आणि त्याला मिथिल गट. हे फिनिल ॲसेटेट.

३. वलयाच्या कोपऱ्याला आधी एक ‘सीएच२’ गट जोडा, त्याला एकेरी ऑक्सिजन, त्यापुढे एस्टरचा कार्बन आणि त्याला फक्त हायड्रोजन. हे बेंझिल फॉर्मेट.

आता अणू मोजा. तिन्हींमध्ये ८ कार्बन, ८ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन आहेत. रेणुभार तिन्हींचा १३६. तरीही जलीय विच्छेदन केले, म्हणजे पाण्याने एस्टर पुन्हा फोडले, तर पहिल्यातून बेंझोइक आम्ल व मिथिल अल्कोहोल, दुसऱ्यातून ॲसेटिक आम्ल व फिनॉल आणि तिसऱ्यातून फॉर्मिक आम्ल व बेंझिल अल्कोहोल मिळते. सूत्र एक, पण पदार्थ तीन. अशा पदार्थांना समघटक म्हणतात.

तिसऱ्या उदाहरणात फिनिल आणि बेंझिल यांतला फरकही दिसतो. वलय थेट जोडलेले असेल तर फिनिल. वलय आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये एक ‘सीएच२’ असेल तर बेंझिल. खरजेच्या औषधातील बेंझिल बेंझोएटमध्ये दोन वलये आहेत. बेंझोएटचे वलय एस्टरच्या कार्बनला थेट जोडलेले असते, तर बेंझिलचे वलय एक कार्बन सोडून असते. मधला हा एक कार्बन विसरला, तर फिनिल बेंझोएट हा निराळाच पदार्थ होतो.

शब्दांमधली मोकळी जागा

मराठीत लिहिताना दोन शब्द जोडले काय नि तोडले काय, फारसे बिघडत नाही असे आपल्याला वाटते. रसायनशास्त्रात बिघडते. ‘फिनिल ॲसेटेट’ हे वर पाहिलेले, फिनॉलपासून होणारे एस्टर. ‘फिनिलॲसेटेट’ असे जोडून लिहिले, की ते फिनिलॲसेटिक आम्लाचे काहीतरी झाले. म्हणजे वलय आम्लाच्या बाजूला गेले. ‘मिथिल फिनिलॲसेटेट’ या नावात वलय आणि एस्टरचा कार्बन यांच्यामध्ये ‘सीएच२’ आहे आणि ऑक्सिजनवर मिथिल आहे. फळ्यावर लिहिताना ही मोकळी जागा ठळक सोडावी आणि ती का सोडली, हेही सांगावे.

वलयावरचे क्रमांक

बेंझोएटच्या वलयावर आणखी गट बसलेले असतील, तर त्यांची जागा सांगावी लागते. ज्या कोपऱ्याला एस्टरचा कार्बन जोडलेला आहे, तो कोपरा क्रमांक १. तिथून डावीकडून किंवा उजवीकडून मोजत जायचे. ज्या दिशेने गेल्यास गटांना लहान क्रमांक मिळतात, ती दिशा घ्यायची. २ क्रमांकाला ऑर्थो, ३ ला मेटा आणि ४ ला पॅरा ही जुनी नावे आहेत. गट एकच असेल, तर ६ म्हणजे २ च आणि ५ म्हणजे ३ च. आकृती उलटी करून पाहिली की हे लक्षात येते. म्हणून ‘६-हायड्रॉक्सी’ असे नाव एकट्या गटाला कधीही द्यायचे नाही.

मिथिल सॅलिसिलेटचे पद्धतशीर नाव मिथिल २-हायड्रॉक्सीबेंझोएट असे आहे. मिथिल पॅराबेनचे नाव मिथिल ४-हायड्रॉक्सीबेंझोएट. फरक फक्त २ आणि ४ या आकड्यांचा. दोघांचेही सूत्र ८ कार्बन, ८ हायड्रोजन, ३ ऑक्सिजन आणि रेणुभार १५२. पण मिथिल सॅलिसिलेट हे उग्र, गार वासाचे तेल आहे. आयुर्वेदिक बामच्या डबीवर ‘गंधपुरा तेल’ असते, त्यातला मुख्य घटक हाच. मिथिल पॅराबेन ही जवळजवळ वासहीन पांढरी पूड आहे आणि ती बुरशी वाढू देत नाही. गंमत अशी, की आइस्क्रीमला वास देणाऱ्या व्हॅनिलिनचेही सूत्र हेच आहे. मात्र ते एस्टर नाही, अल्डिहाइड आहे. एकच सूत्र, पण एक सांध्यांवर चोळायचे, दुसरे औषध टिकवायचे आणि तिसरे खायचे. सूत्रावरून पदार्थ ओळखता येत नाही, नावावरून येतो, हे विद्यार्थ्यांना पटवण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

नावावरून आकृती: एक उदाहरण

तोंडातल्या जखमेवर किंवा हिरडीवर लावायच्या, भाग बधिर करणाऱ्या मलमांत बेंझोकेन नावाचा पदार्थ असतो. त्याचे पद्धतशीर नाव इथिल ४-अमिनोबेंझोएट. हे नाव मागून पुढे वाचत आकृती काढू.

पायरी १: शेवटचा भाग ‘बेंझोएट’. षटकोन काढा, आत एकाआड एक तीन दुहेरी बंध दाखवा. वरच्या कोपऱ्याला कार्बन जोडा. त्या कार्बनला दुहेरी बंधाने एक आणि एकेरी बंधाने दुसरा ऑक्सिजन जोडा.

पायरी २: त्या वरच्या कोपऱ्याला १ क्रमांक द्या. मोजत ४ पर्यंत जा. तो बरोबर समोरचा, म्हणजे खालचा कोपरा येतो.

पायरी ३: ‘४-अमिनो’. खालच्या कोपऱ्याला ‘एनएच२’ जोडा.

पायरी ४: पहिला शब्द ‘इथिल’. एकेरी ऑक्सिजनला दोन कार्बनांची साखळी जोडा.

पायरी ५: मोजणी. प्रत्येक कार्बनला चार, नायट्रोजनला तीन आणि ऑक्सिजनला दोन बंध आहेत का? ९ कार्बन, ११ हायड्रोजन, १ नायट्रोजन, २ ऑक्सिजन आणि रेणुभार १६५ आला, म्हणजे आकृती बरोबर.

विद्यार्थी पाचवी पायरी टाळतात. ती टाळू देऊ नये. एखाद्या कार्बनला पाच बंध दिल्याची चूक तिथेच पकडली जाते.

वर्णमालेचा फसवा क्रम

वलयावर दोन निराळे गट असतील, तर नावात कोणाचे नाव आधी घ्यायचे? नियम असा, की गट वर्णानुक्रमाने लिहावेत. मराठी माध्यमाच्या वर्गात इथे एक खास अडचण येते. हा क्रम इंग्रजी वर्णमालेचा आहे, आपल्या अ-आ-इ किंवा क-ख-ग चा नव्हे.

समजा बेंझोएटच्या वलयावर ४ क्रमांकाला हायड्रॉक्सी आणि ३ क्रमांकाला मेथॉक्सी गट आहे. मराठीत ‘म’ आधी आणि ‘ह’ नंतर, म्हणून विद्यार्थी मेथॉक्सी आधी लिहितो. इंग्रजीत हायड्रॉक्सीचे आद्याक्षर ‘एच’ हे मेथॉक्सीच्या ‘एम’ च्या आधी येते. म्हणून बरोबर नाव मिथिल ४-हायड्रॉक्सी-३-मेथॉक्सीबेंझोएट.

इथे फक्त लेखनाचा क्रम चुकला. पुढच्या उदाहरणात आकडेच चुकतात. वलयावर एका बाजूने तिसऱ्या आणि दुसऱ्या बाजूने तिसऱ्या कोपऱ्यावर एक ब्रोमो आणि एक क्लोरो आहे. कोणत्याही दिशेने मोजले तरी क्रमांक ३ आणि ५ हेच येतात. अशा वेळी वर्णानुक्रमाने जो आधी, त्याला लहान आकडा मिळतो. इंग्रजीत ब्रोमोचा ‘बी’ आधी, क्लोरोचा ‘सी’ नंतर. म्हणून नाव मिथिल ३-ब्रोमो-५-क्लोरोबेंझोएट. मराठी क्रम लावला, तर ‘क’ आधी येऊन ‘३-क्लोरो-५-ब्रोमो’ असे चुकीचे नाव तयार होते. आणखी एक गोष्ट: दोन किंवा तीन सारखे गट दाखवणारे ‘डाय’, ‘ट्राय’ हे शब्द वर्णानुक्रमात धरत नाहीत. डायक्लोरो हा ‘सी’ मध्येच मोजायचा.

एक छोटा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवावा: अमिनो, ब्रोमो, क्लोरो, इथिल, फ्लुओरो, हायड्रॉक्सी, मेथॉक्सी, मिथिल, नायट्रो. हाच त्यांचा इंग्रजी क्रम.

दोन वलये असतील तर

फिनिल ४-नायट्रोबेंझोएट आणि ४-नायट्रोफिनिल बेंझोएट. दोन्हींत दोन वलये, एक नायट्रो गट आणि दोघांचाही रेणुभार २४३. पहिल्या नावात ‘४-नायट्रो’ दुसऱ्या शब्दाला चिकटले आहे, म्हणून नायट्रो गट आम्लाच्या वलयावर. दुसऱ्या नावात ते पहिल्या शब्दाला चिकटले आहे, म्हणून गट फिनॉलच्या वलयावर. दुसरे एस्टर अल्कलीत फुटले, की ४-नायट्रोफिनॉल तयार होऊन द्रावण पिवळे होते. पहिल्यातून असा पिवळा रंग येत नाही. आकडा कोणत्या शब्दाला चिकटला आहे हे पाहणे म्हणजे गट कोणत्या घरी राहतो हे पाहणे.

फिनॉलच्या वलयावरही मोजणी १ पासूनच होते. तिथे ऑक्सिजनला जोडलेला कोपरा क्रमांक १ असतो. प्रत्येक वलयाची मोजणी स्वतंत्र असते.

ॲस्पिरिन: दोन हातांचे आम्ल

सॅलिसिलिक आम्लाला हे नाव सॅलिक्स या झाडांच्या लॅटिन नावावरून मिळाले. आपल्याकडे नदीकाठी आढळणारा वाळुंज हा याच सॅलिक्स प्रजातीतला. या आम्लाच्या वलयावर शेजारी शेजारी दोन गट आहेत. एक आम्लाचा ‘सीओओएच’ आणि दुसरा फिनॉलचा ‘ओएच’. म्हणजे या रेणूला दोन हात आहेत. एका हाताने तो आम्ल म्हणून एस्टर करू शकतो, तर दुसऱ्या हाताने अल्कोहोलसारखा वागून.

आम्लाचा हात मिथिल अल्कोहोलच्या हाती दिला, तर मिथिल सॅलिसिलेट हे बाममधले तेल होते. फिनॉलचा हात ॲसेटिक आम्लाच्या हाती दिला, तर ॲस्पिरिन होते. फेलिक्स हॉफमन यांनी बायर कंपनीत ते १८९७ मध्ये शुद्ध स्वरूपात तयार केले आणि १८९९ मध्ये ते ‘ॲस्पिरिन’ या नावाने बाजारात आले.

आता ॲस्पिरिनचे नाव देताना पेच पडतो. त्यात एस्टरही आहे आणि मोकळा आम्ल गटही. नाव कोणाच्या नावे? आयुपॅकच्या नियमांत गटांची ज्येष्ठता ठरलेली आहे: आम्ल, मग एस्टर, मग अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल व फिनॉल आणि शेवटी अमाइन. जो ज्येष्ठ, त्याचे नाव शेवटी येते. बाकीचे गट आधी, उपसर्गासारखे येतात. म्हणून ॲस्पिरिन हे ‘बेंझोइक आम्ल’ ठरते आणि त्यातला एस्टरचा भाग ‘२-ॲसिटिलऑक्सी’ असा आधी लिहिला जातो. पूर्ण नाव २-ॲसिटिलऑक्सीबेंझोइक आम्ल. मिथिल सॅलिसिलेटमध्ये मात्र एस्टर हे फिनॉलपेक्षा ज्येष्ठ आहे, म्हणून तिथे ‘ओएच’ ला ‘हायड्रॉक्सी’ हा उपसर्ग होऊन मागे राहावे लागते.

ही दोन नावे शेजारी ठेवली की एक महत्त्वाचा हिशेबही करता येतो. शुद्ध मिथिल सॅलिसिलेटची घनता सुमारे १.१८ आहे. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे ५.९ ग्रॅम. मिथिल सॅलिसिलेटचा रेणुभार १५२ आणि ॲस्पिरिनचा १८०. म्हणून ५.९ भागिले १५२, गुणिले १८० केले, तर उत्तर येते सुमारे ७ ग्रॅम. एक चमचा तेलात ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. ३२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या, तर वीसहून जास्त! लहान मुलाच्या जिवावर बेतण्यास एवढे तेल पुरते. बाममध्ये हे तेल थोड्या प्रमाणात असते, परंतु शुद्ध गंधपुरा तेलाची बाटली घरात असेल, तर ती मुलांचा हात पोचणार नाही अशाच जागी हवी. ‘चोळायचेच तर तेल आहे’ असे समजून चालणार नाही.

वर्गात करून पाहा

नावातला फरक डोळ्यांनी दाखवता येतो. त्यासाठी फेरिक क्लोराइडचे पातळ द्रावण पुरे. मोकळा फिनॉल गट असलेल्या अनेक पदार्थांबरोबर ते जांभळा रंग देते.

तीन परीक्षानळ्या घ्या. पहिलीत गंधपुरा तेलाचे दोन थेंब थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा. दुसरीत ॲस्पिरिनची ताजी गोळी कुटून थंड पाण्यात हलवा आणि गाळून घ्या. तिसरीत तसेच ॲस्पिरिनचे पाणी घेऊन दहा मिनिटे उकळवा आणि थंड होऊ द्या. तिन्हींत फेरिक क्लोराइडचा एक एक थेंब टाका. पहिलीत गडद जांभळा रंग येतो, कारण मिथिल २-हायड्रॉक्सीबेंझोएटमध्ये ‘हायड्रॉक्सी’ मोकळा आहे. दुसरीत रंग येत नाही किंवा अगदी फिका येतो, कारण तिथे तोच गट ‘ॲसिटिलऑक्सी’ होऊन झाकला गेला आहे. तिसरीत पाण्याने एस्टर काही प्रमाणात फुटते, गट मोकळा होतो आणि जांभळा रंग येतो. दमट हवेत बरीच वर्षे राहिलेल्या ॲस्पिरिनच्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा वास येतो, तो याच कारणाने. सुटे झालेले ॲसेटिक आम्लच ते. प्रयोगासाठी आतड्यात विरघळणाऱ्या, लेप दिलेल्या गोळ्या घेऊ नयेत. तेल शिक्षकांनीच ओतावे.

कृषी सेवा केंद्रातली नावे

कापसाच्या पिकावर फवारल्या गेलेल्या फेनव्हॅलरेट या कीटकनाशकाचे नाव पाहा: सायनो(३-फिनॉक्सीफिनिल)मिथिल २-(४-क्लोरोफिनिल)-३-मिथिलब्युटेनोएट. नाव पाहून घाबरायचे कारण नाही. मधली मोकळी जागा शोधा. तिच्यानंतरचा शब्द आम्लाचा. ‘ब्युटेनोएट’ म्हणजे चार कार्बनांची साखळी, एस्टरचा कार्बन क्रमांक १. दुसऱ्या कार्बनवर एक वलय, ज्याच्या ४ क्रमांकाला क्लोरीन. तिसऱ्या कार्बनवर मिथिल. आता पहिला शब्द. शेवटी ‘मिथिल’, म्हणजे ऑक्सिजनला एकच कार्बन जोडलेला. त्या कार्बनवर एक सायनो गट आणि एक वलय. त्या वलयाच्या ३ क्रमांकाला ‘फिनॉक्सी’, म्हणजे ऑक्सिजनमार्फत जोडलेले आणखी एक वलय. कंस आपल्याला सांगतात, की आतला मजकूर एका गटाचा आहे. अणू मोजा: २५ कार्बन, २२ हायड्रोजन, १ क्लोरीन, १ नायट्रोजन, ३ ऑक्सिजन. बारावीचा विद्यार्थी हा रेणू दहा मिनिटांत काढू शकतो.

सायपरमेथ्रिनच्या नावातला पहिला शब्द अगदी हाच आहे. आम्लाची बाजू तेवढी निराळी, तिथे तीन कार्बनांचे छोटे वलय असते. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम फुलांतल्या नैसर्गिक एस्टरांवरून हे पदार्थ सुचले. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अशी अनेक एस्टरे घडवली. माणसाच्या यकृतातील विकरे हा एस्टर बंध लवकर तोडतात. कीटकांना ते तितके झपाट्याने जमत नाही. या पदार्थांचा माणसाला तुलनेने कमी त्रास होतो, त्यामागचे हे एक कारण.

प्रोफेनोफॉस हे मात्र दुसऱ्या घराण्यातले. त्याचे नाव: ओ-(४-ब्रोमो-२-क्लोरोफिनिल) ओ-इथिल एस-प्रोपिल फॉस्फोरोथायोएट. शेवट पाहा. इथे कार्बनी आम्लाचे ‘ओएट’ नाही, तर फॉस्फरसच्या आम्लाचे एस्टर आहे. ‘ओ’ आणि ‘एस’ ही अक्षरे गट ऑक्सिजनला जोडला आहे की गंधकाला, ते सांगतात. आपल्या मज्जातंतूंमध्ये ॲसिटिलकोलिन हे एस्टर तोडणारे एक विकर असते. फॉस्फरसची ही एस्टरे नेमके ते विकर बंद पाडतात. मग घाम, लाळ, स्नायूंचे थरथरणे आणि शेवटी श्वास कोंडणे.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर नोव्हेंबरात राज्य सरकारने विदर्भातील यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यांत ४० टक्के प्रोफेनोफॉस आणि ४ टक्के सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण होते. म्हणजे एकाच डब्यात दोन्ही घराण्यांची एस्टरे. बुलढाण्याची हद्द मंठ्यापासून दूर नाही, आणि कापूस तर तोच.

अशा वेळी नाव वाचता येण्याला मोल येते. फॉस्फरसच्या एस्टरांच्या विषबाधेवर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. एकट्या पायरेथ्रॉइडवर तसा उतारा नाही, तिथे लक्षणे पाहून उपचार करतात. रोग्याबरोबर आलेला माणूस ‘पांढऱ्या डब्यातले औषध होते’ एवढेच सांगतो, तेव्हा मोलाची मिनिटे वाया जातात. डब्यावर कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरांत आणि खरे नाव लहान अक्षरांत असते. डॉक्टरांना हवे असते ते लहान अक्षरांतले. म्हणून डबा किंवा त्यासोबतचे माहितीपत्रक दवाखान्यात बरोबर न्यावे. लेबलवरच्या चौकटीतल्या खालच्या त्रिकोणाचा रंगही पाहावा: लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. आपले विद्यार्थी ज्या घरांतून येतात, त्यांतल्या कित्येक घरांत हे वाचू शकणारे ते एकटेच असतात.

सरावासाठी

१. इथिल २-हायड्रॉक्सीबेंझोएट काढा आणि अणू मोजा.

२. वलयाला एकेरी ऑक्सिजनमार्फत ॲसेटिक आम्लाचा भाग जोडलेला आहे आणि त्याच्या बरोबर समोर क्लोरीन आहे. नाव द्या.

३. द्राक्षासारखा वास येणाऱ्या एका एस्टरमध्ये बेंझोएटच्या वलयावर एस्टर गटाच्या शेजारी ‘एनएच२’ आहे आणि ऑक्सिजनवर मिथिल. नाव द्या.

४. एका विद्यार्थ्याने ‘मिथिल ३-क्लोरो-६-हायड्रॉक्सीबेंझोएट’ असे नाव लिहिले. दुरुस्त करा.

५. बेंझिल ४-हायड्रॉक्सीबेंझोएट आणि (४-हायड्रॉक्सीफिनिल)मिथिल बेंझोएट यांचे सूत्र एकच का आहे? फेरिक क्लोराइड नसेल, तर त्यांतला फरक कसा ओळखाल?

उत्तरे: (१) ९ कार्बन, १० हायड्रोजन, ३ ऑक्सिजन. (२) ४-क्लोरोफिनिल ॲसेटेट. (३) मिथिल २-अमिनोबेंझोएट. (४) उलट दिशेने मोजल्यास क्रमांक २ व ५ येतात, म्हणून मिथिल ५-क्लोरो-२-हायड्रॉक्सीबेंझोएट. (५) दोन्हींत तेच तुकडे आहेत, फक्त ‘ओएच’ एकात आम्लाच्या आणि दुसऱ्यात अल्कोहोलच्या वलयावर आहे. एस्टर फोडून पाहावे. पहिल्यातून ४-हायड्रॉक्सीबेंझोइक आम्ल व बेंझिल अल्कोहोल मिळेल, दुसऱ्यातून बेंझोइक आम्ल व ४-हायड्रॉक्सीबेंझिल अल्कोहोल.